पाटावरचं रॉकेट

माझं रॉकेट बॉम्ब शेल्टरमध्ये तयार झालं असं मी सांगितलं, की लोक एकतर हसतात किंवा काळजीने माझ्या नवऱ्याकडे बघतात. सिंगापूरला राहिलेल्या माणसाला त्यात काही विशेष वाटणार नाही. तिथल्या नव्या सरकारी इमारतींमध्ये प्रत्येक फ्लॅटला जाड भिंतींची, लोखंडी दाराची एक चिमुकली खोली असते. युद्ध झालंच तर घरच्यांनी तिच्यात जाऊन बसायचं. युद्ध काही होत नाही, म्हणून सगळे तिथे तांदळाची पोती, रिकाम्या सुटकेसेस आणि हौसेने आणलेली व्यायामाची सायकल ठेवतात. बुकित बातोकच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमधली ती खोली मी रिकामी केली, सायकल देऊन टाकली आणि आत एक टेबल लावलं. नवऱ्याने विचारलं, "आणि बॉम्ब पडला तर?" मी म्हटलं, "तू हॉलमध्ये बस."

तेव्हा मी पंचेचाळिशीच्या आसपास होते. पुण्यात असताना दुचाकींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी डिझाइन विभागात नोकरी करत होते. नवऱ्याला सिंगापूरची नोकरी लागली आणि मुलगी लहान होती, म्हणून मी माझी सोडली. कुणी जबरदस्ती केली नव्हती. पण तिथे गेल्यावर मला जो पास मिळाला त्यावर ‘डिपेंडंट’ असं छापलेलं होतं, आणि ते मला पहिल्या दिवसापासून टोचलं. बँकेत जा, फोनचं कनेक्शन घ्या, समोरचा माणूस अगदी नम्रपणे विचारायचा, "हजबंड्स नंबर, मॅडम?" मी नोकरीसाठी अर्ज केले. दोन-तीन ठिकाणी मुलाखतीला बोलावलं आणि मधल्या वर्षांत काय केलंत म्हणून विचारलं. मुलगी वाढवली असं सांगितल्यावर ते छान हसायचे आणि पुन्हा फोन करायचे नाहीत. माझा स्वभाव आधीच तापट. त्या वर्षांत तो आणखी तापला आणि त्याचा चटका घरच्यांनीच सोसला.

रॉकेटचं खूळ डोक्यात शिरलं ते ऑस्ट्रेलियात. नवऱ्याच्या ऑफिसच्या कामाला जोडून आम्ही आठवडाभर गाडीने फिरत होतो. गव्हाच्या कापलेल्या शेतांमधून जाताना एका ठिकाणी गाड्या उभ्या दिसल्या, माणसं आकाशाकडे बघत होती. आम्हीही थांबलो. माझ्या वयाची, केस पिकलेली एक बाई स्वतःपेक्षा उंच रॉकेट खांद्यावर टाकून चालली होती. मी तिला गाठलंच. तिने समजावून सांगितलं: मोठ्या ताकदीची इंधनाची नळकांडी विकत घ्यायची तर परवाना लागतो. त्यासाठी रॉकेट स्वतःच्या हाताने बांधायचं, उडवायचं आणि पॅराशूटने धड खाली आणायचं. तपासनीस ते उलटंपालटं करून बघतो. काही मोडलं, सुटलं असेल तर नापास. पास झालात, तर तुमच्या नावाचं कार्ड.

"नवऱ्याची सही लागते का?" मी विचारलं.

ती इतक्या जोरात हसली की दोन माणसांनी मागे वळून बघितलं. "सही नको," ती म्हणाली. "हवं तर सँडविचेस धरायला आण त्याला."

मला ते कार्ड हवं होतं. का, हे तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं, आता येतं. त्यावर फक्त माझं नाव असणार होतं, आणि ते मी हाताने केलेल्या कामाबद्दल असणार होतं. इतकी साधी गोष्ट मला कितीतरी वर्षांत मिळाली नव्हती.

परत आल्यावर मी किट निवडायला बसले आणि त्यात तीन-चार महिने घालवले. जो तो सांगत होता की पहिलं रॉकेट पुठ्ठ्याचं घ्यावं. हलकं असतं, कापायला सोपं, चुकलं तरी हळहळ नाही. नवराही तेच म्हणाला. मला फायबरग्लासचंच हवं होतं. एक कारण व्यवहाराचं होतं: सिंगापूरच्या दमट हवेत आमच्या घरातली पुस्तकंसुद्धा फुगायची, तिथे पुठ्ठ्याची नळी सरळ राहील याची मला खात्री वाटेना. दुसरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. फायबरग्लास कठीण असतो, जड असतो, त्याला नीट घासून-पुसून जोडावं लागतं, आणि मला असं काहीतरी हवं होतं जे मोडताना विचार करेल.

मग माप. जाड नळीचं रॉकेट रुबाबदार दिसतं, पण उडायला इंधनही जास्त पितं. फार बारीक घेतलं तर ते इतकं उंच जातं की खाली येताना दिसतच नाही, आणि सापडलं नाही तर कार्ड नाही. शिवाय सिंगापुरात असलं काही उडवायला जागा नाही आणि इंधन घरात ठेवणं तर लांबच. उडवायला ऑस्ट्रेलियालाच जायचं होतं, इंधन तिथल्या मैदानावरच मिळणार होतं, पण रॉकेट विमानातून न्यायचं होतं. म्हणून मी आमची सगळ्यात मोठी सुटकेस जमिनीवर उघडली आणि टेपने तिरकी मोजली. जी किट्स त्यात बसत नव्हती ती बाद. नवरा कपाटाला टेकून बघत होता. "लोक रॉकेट घेतात आणि मग पेटी शोधतात," तो म्हणाला. मी म्हटलं, "म्हणून ते लोक नापास होतात." शेवटी मुठीत मावणार नाही पण दोन हातांत सहज धरता येईल अशा जाडीचं, तीन फिन्सचं एक किट मागवलं. फिन्स म्हणजे शेपटीचे पंख. रॉकेट सरळ जातं ते त्यांच्यामुळे.

किट यायच्या आधी एक फोन आला. पार्सल तपासणारा माणूस होता, आवाज तरुण आणि चांगलाच बुचकळ्यात पडलेला.

"मॅडम, युअर पार्सल से रॉकेट. व्हॉट रॉकेट आह?"

मी सांगितलं, मॉडेल रॉकेट. फक्त नळ्या आणि पॅराशूट, दारू वगैरे काही नाही.

"बट कॅन फ्लाय वन?"

"येस."

"इन सिंगापूर?"

"नो, नो. इन ऑस्ट्रेलिया."

"देन व्हाय यू बिल्ड हिअर?"

मी म्हटलं, कारण मी इथे राहते. त्याला ते पटलं असावं, कारण दोन दिवसांनी खोकं दारात आलं.

त्याच आठवड्यात सासूबाईही आल्या. दरवर्षी नवरात्राच्या सुमाराला त्या पुण्याहून महिन्याभरासाठी यायच्या. टेलिफोन खात्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या, कमी बोलणाऱ्या, स्वच्छतेच्या बाबतीत भयंकर. माझ्या नोकरी सोडण्याबद्दल त्या कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या, चांगला नाही आणि वाईटही नाही. त्याचा मी माझ्या सोयीने अर्थ लावला होता, की त्यांना बरंच वाटलं असेल.

खोकं उघडलं तेव्हा त्या शेजारी खुर्चीवर बसल्या होत्या. पांढुरक्या, दुधी रंगाच्या नळ्या, टोकाला धातूची टोपी असलेला लांबट शंकू, जाड पट्टी, तिला बांधायचं लाल पॅराशूट आणि तीन फिन्स, हे सगळं मी चादरीवर मांडलं.

"हे नक्की कशासाठी?" त्यांनी विचारलं.

"उडवायला, आई."

"मग?"

"मग ते खाली येतं."

"बरं. आणि मग?"

"मग मला कार्ड मिळतं."

त्यांनी मान हलवली आणि भाजी निवडायला घेतली. मुलगी तेव्हा परीक्षेच्या धामधुमीत होती. ती येता-जाता डोकावून म्हणाली, "मम्मी, यू सो ऑन लाह," आणि दार लावून घेतलं. आजीने मला विचारलं, "काय म्हणाली?" मी म्हटलं, "आई उत्साही आहे म्हणाली." "ते दिसतंच आहे," सासूबाई म्हणाल्या.

फायबरग्लासचं रॉकेट बांधणं म्हणजे नव्वद टक्के घासणं. नळ्या साच्यातून सुटाव्यात म्हणून त्यांना मेणासारखं काहीतरी लावलेलं असतं. ते कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने धुवायचं. मग जिथे जिथे चिकटवायचं तिथे पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासायचं. पूड उडू नये म्हणून मी बाथरूममध्ये पाणी सोडून, नाकातोंडावर मास्क लावून घासत बसायचे. तरी ते बारीक तंतू मनगटात शिरायचे आणि खाजकुयली लागल्यासारखी मी रात्रंदिवस खाजवायचे. पॉलिश पेपर आणि पुसायचं अल्कोहोल मी आमच्याच भागातल्या कारखान्यांच्या गल्लीतून आणायचे. तिथल्या दुकानातल्या म्हाताऱ्या चिनी अंकलनी माझी वाढती खरेदी बघून विचारलं होतं, "यू मेक बोट, इज इट?" रॉकेट म्हटल्यावर त्यांनी मला पॉलिश पेपरचा एक कागद जास्त दिला.

या रॉकेटची रचना अशी होती: बाहेरच्या जाड नळीच्या आत एक बारीक नळी, तिच्यात इंधनाचं नळकांडं बसणार. तिन्ही फिन्स त्या आतल्या नळीवर इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग कालवून करायच्या कडक गोंदाने, चिकटवायच्या आणि मग तो सगळा सांगाडा मागच्या बाजूने बाहेरच्या नळीच्या खाचांत सरकवायचा. सगळा जोर त्या तीन सांध्यांवर येणार. उडताना फिन सुटली तर रॉकेट हवेतच वेडंवाकडं होऊन मोडतं. म्हणून त्या सांध्यांची तयारी मी जिवापाड केली. रेघा आखल्या, कडा घासल्या, अल्कोहोलने पुसल्या, हातमोजे घालून सगळे तुकडे शेल्टरमधल्या टेबलावर कोऱ्या कागदावर मांडले. दुसऱ्या दिवशी दसरा होता, म्हणून चिकटवायचं काम त्याच्या पुढच्या दिवसावर टाकलं आणि घरात सगळ्यांना बजावलं, की तिथे कुणी शिंकायचंसुद्धा नाही.

दसऱ्याला सकाळी मी आणि नवरा लिटल इंडियात झेंडू आणायला गेलो. परत आलो तर घरात उदबत्तीचा वास, हॉलमध्ये पाटावर नवऱ्याचा लॅपटॉप आणि मुलीची पुस्तकं, त्यांना हळदकुंकू. शेल्टरचं दार उघडं होतं. रॉकेटच्या शंकूच्या टोकावर कुंकवाचं एक बोट लावलेलं होतं आणि समोर उदबत्ती जळत होती. खरं सांगते, मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत सासूबाई माझ्या कुठल्या गोष्टीला हात जोडतील असं मला वाटलं नव्हतं. मी शंकू पुसला, बाकीचे तुकडे पांढरे स्वच्छ दिसत होते, आणि श्रीखंड-पुरी खायला गेले.

दुसऱ्या दिवशी इपॉक्सी कालवली आणि फिन्स चिकटवल्या. एकेक फिन पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवून, बरोबर सरळ उभी आहे ना हे बघून, तासन्‌तास न हलवता. पूर्ण वाळेपर्यंत थांबले. काम इतकं देखणं झालं होतं की मी नवऱ्याला हाताला धरून दाखवायला आणलं. तो म्हणाला, "कारखान्यातलं वाटतंय." माझ्या दृष्टीने याहून मोठी स्तुती नव्हती.

मग मी जुन्या सवयीने एक फिन धरून ओढली. आमच्या कारखान्यात एक शिस्त होती, जोडलेली वस्तू हाताने ओढून बघितल्याशिवाय पुढच्या टेबलावर जाऊ द्यायची नाही. टक्‌ असा बारीक आवाज झाला आणि फिन माझ्या हातात आली.

तुटली नव्हती. सुटली होती, पाकिटावरचं तिकीट अलगद निघावं तशी. सांध्यातली इपॉक्सी आरशासारखी गुळगुळीत होती आणि तिच्यात हलकीशी गुलाबी झाक होती. मी ती नाकाशी नेली. खोबरेल तेल.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. दुसरी फिन ओढली, तीही आली. तिसरीला जरा जोर लावावा लागला इतकंच. तिन्ही हातात घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई गॅसपाशी उभ्या होत्या.

"आई, तुम्ही याला तेल लावलंत?"

त्यांनी माझ्याकडे आणि मग फिन्सकडे बघितलं. "कुंकवाचे डाग पडले होते गं. एकेका तुकड्याला लावलं, एकही सोडायचा नसतो ना. मग म्हटलं, तुझं पांढरंशुभ्र सामान लाल होईल, तू ओरडशील. म्हणून तेलाच्या बोळ्याने पुसून काढलं सगळं. टोकावरचं तेवढं राहू दिलं."

"मी सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही म्हणून! पंधरा दिवस घासतेय मी ते. मनगटं बघा माझी. तेल लागलं की काही चिकटत नाही त्याला. पूजा, पूजा! कुणी सांगितलं होतं पूजा करायला?"

मी ओरडत होते. हॉलमधून नवरा आला आणि दारातच थांबला. सासूबाईंनी गॅस बंद केला. त्यांचा आवाज चढला नाही, पण तो नेहमीचाही नव्हता.

"कुणी सांगायचं? दसऱ्याला घरातल्या प्रत्येकाचं हत्यार पाटावर ठेवायचं असतं. पुण्याला होतीस तेव्हा मी तुझ्या पर्समधून ते मापायचं काढून ठेवायचे, आठवतंय? ते चिमट्यासारखं."

"व्हर्नियर," मी म्हटलं.

"तेच. तू नोकरी सोडलीस आणि तुझं ठेवायला काही उरलं नाही. दरवर्षी पाट मांडते, त्याचं असतं, पोरीचं असतं. तुझं काय ठेवू? माझी बहीण म्हणाली, पोळपाट-लाटणं ठेव. मी नाही ठेवलं. ते का तुझं हत्यार आहे? एवढी शिकलेली तू. रिकामी जागा राहिली तरी चालेल म्हटलं. या वर्षी पहिल्यांदा तुझं काहीतरी होतं. म्हणून एकही तुकडा सोडला नाही."

मी तिथे उभी होते, हातात तीन फिन्स. मला राग आलेला होता, तो तसाच होता, आणि त्याच वेळी मला रडू येत होतं. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा मी इतकी वर्षं भलताच अर्थ लावत आले होते. पाटावरची ती रिकामी जागा माझ्या कधी नजरेला पडली नव्हती. त्यांच्या पडत होती. मी शेल्टरमध्ये गेले आणि ते लोखंडी दार आतून ओढून घेतलं. बॉम्बसाठी नाही तरी त्या दिवशी ती खोली कामाला आली.

नवऱ्याने बाहेरून सुचवून पाहिलं, की नवीन नळी आणि फिन्स मागवू. मी नाही म्हटलं. तुकडे धड होते, फक्त तेलकट होते, आणि मला हरल्यासारखं वाटलं असतं. वाळलेली इपॉक्सी खरवडून काढायला सुरुवात केली. मग पुन्हा साबण, पुन्हा पॉलिश पेपर, पुन्हा अल्कोहोल. दरवेळी शेवटी नळीवर पाणी ओतून बघायचे. पाण्याचे थेंब झाले, म्हणजे अजून तेल आहे. पाणी सगळीकडे एकसारखं पसरलं, म्हणजे गेलं. पहिल्या खेपेला थेंब झाले, दुसऱ्या खेपेलाही झाले. खाज पुन्हा सुरू झाली. मुलगी म्हणाली, "जस्ट बाय न्यू वन लाह, मम्मी," आणि माझा चेहरा बघून निघून गेली.

सासूबाई एकदा दारात येऊन म्हणाल्या, "मी घासू का? भांडी घासून हात तयार आहेत माझे."

"नको आई. नियम आहे, सगळं मीच केलं पाहिजे. दुसऱ्याचा हात लागला तर कार्ड नाही."

मला वाटलं, त्यांना लागेल. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे," आणि खुर्ची आणून शेल्टरच्या दाराबाहेर बसल्या. तिथेच बसून पेपर वाचायच्या. नवरा चहाचा कप घेऊन आला, तर त्याला बाहेरच थांबवायच्या. "भजी खाऊन आलास ना? हात पूस आधी." मी आत हसायचे, पण त्यांना दिसू द्यायचे नाही. एवढ्यात हसायची माझी तयारी नव्हती.

चार-पाच दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की त्यांचे केस भुरभुर उडताहेत. या बाईला रोज सकाळी केसांना तेल चोपडून, घट्ट अंबाडा घातल्याशिवाय चहा घेताना मी कधी बघितलं नव्हतं. विचारलं, तर म्हणाल्या, "राहू दे. उगाच घरभर तेलाचे हात कशाला? तुझं वाळेपर्यंत नाही लावत." त्या दिवशी माझा राग गेला. जायचाच होता, तो त्या केसांमुळे गेला.

पाणी अखेर एकसारखं पसरलं. मी फिन्स पुन्हा चिकटवल्या, वाळू दिल्या आणि ओढल्या. सगळ्या ताकदीने, पाय टेबलाला लावून ओढल्या. काही हललं नाही. दारातून सासूबाई म्हणाल्या, "आता मोडशील." मी म्हटलं, "मोडतंय का तेच बघतेय." त्या पुण्याला परत गेल्या तेव्हा सांगाडा बाहेरच्या नळीत बसला होता. जाताना त्यांनी रॉकेटला हात लावला नाही, लांबूनच नमस्कार केला.

पुढच्या एप्रिलमध्ये आम्ही ऑस्ट्रेलियाला गेलो. रॉकेट सुटकेसमध्ये तिरकं, भोवती माझ्या साड्या आणि नवऱ्याचे शर्ट. तेच शेत, कापलेल्या गव्हाची धसकटं, सकाळी थंडी आणि दुपारी वाळवंटासारखं ऊन. नवऱ्याने न सांगता सँडविचेस धरली होती. तपासनीस उंच, गंभीर माणूस होता. त्याने एकेक फिन धरून ओढली आणि मी श्वास रोखून त्याच्या हाताकडे बघत राहिले. इंधन बसवलं. रॉकेट उभ्या लोखंडी पट्टीवर चढवलं. मागे, दोरीपलीकडे जाऊन उभी राहिले आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. रॉकेट फुटेल याची नाही. सिंगापूरला रिकाम्या हाताने परत जावं लागेल, आणि पुन्हा कुणीतरी मधल्या वर्षांत काय केलंत विचारेल, याची.

बटण दाबलं. आवाज आधी छातीत कळला, मग कानात. ते इतक्या सरळ वर गेलं, की मी ओरडले, आणि मराठीत ओरडले. वर एक पांढरा ठिपका, मग शांतता, मग लाल पॅराशूट उघडलं. नवऱ्याने माझा दंड इतका घट्ट धरला की दुखला.

वाऱ्याने ते लांब नेलं. आम्ही धसकटांतून चालत गेलो, तपासनीसही बरोबर. तिथली जमीन वाळून दगड झालेली. रॉकेट आडवं पडलं होतं आणि एका फिनच्या कोपऱ्याला माती लागली होती. म्हणजे उतरताना ते त्याच फिनवर आपटलं होतं. माझे पाय थांबले. तपासनीसाने गुडघे टेकले, माती बोटाने झाडली, फिन धरली आणि ओढली. मग उलट्या बाजूने ओढली. मग नळीवर थोपटून म्हणाला, "ही फिन कुठे जात नाही."

कार्डावर माझं नाव होतं. माझंच. मी ते इतक्यांदा वाचलं की नवरा म्हणाला, आता पाठ झालं असेल.

त्या वर्षी सासूबाई पुन्हा नवरात्रात आल्या. दसऱ्याला सकाळी त्यांनी पाट मांडला, लॅपटॉप ठेवला, पुस्तकं ठेवली आणि मधली जागा सोडून मला हाक मारली. मी रॉकेट आणून आडवं ठेवलं. पाटावर ते मावत नव्हतं, दोन्ही बाजूंनी बाहेर आलं होतं. त्यांनी हळद-कुंकवाची कोयरी उचलली, बोट बुडवलं आणि ते तसंच हवेत धरून थांबल्या.

"कुठे लावू, तू सांग," त्या म्हणाल्या. "कुठे चालेल ते तुलाच माहीत."

केस त्यांचे तेल लावून चापूनचोपून बसवलेले होते. मी त्यांचं बोट धरलं आणि त्या आपटलेल्या फिनच्या सांध्यावर नेलं.

"कुठेही लावा आई," मी म्हटलं. "आता काही निघत नाही."